धार्मिक दंभ (सामान्य भाविकांचा)

धार्मिक दंभ : देवाधर्माच्या नावाने एक म्हणायचे, घरीदारी त्याच्या उलट वागायचे आणि तरीही आपण धर्माने चालतो असे मानायचे, ही वृत्ती. लोकांना जाणूनबुजून लुबाडणारा भोंदू बुवा या नोंदीच्या कक्षेत येत नाही. त्याच्यासाठी महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. येथे विचार आहे तो नेमाने पूजा करणाऱ्या, एकादशी धरणाऱ्या, एरवी सरळ वागणाऱ्या माणसाचा. त्याचा दंभ अधिक जखमा करतो, कारण तो घरोघर असतो आणि त्याच्या मनात फसवणुकीचा हेतू नसल्याने तो कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

बहुतेक धर्मग्रंथांनी या दोषाची दखल घेतली आहे. गीतेच्या सोळाव्या अध्यायातील आसुरी संपत्तीच्या यादीत दंभ पहिला येतो. त्यावरील भाष्यात ज्ञानेश्वर (ज्ञानेश्वरी, शके १२१२) म्हणतात की, महापुरातून पैलतीरी नेणारी नावच डोक्याला बांधून घेतली तर ती बुडवते. चव्हाट्यावर मिरवलेल्या धर्माचेही तसेच होते. मत्तयच्या शुभवर्तमानात येशू शास्त्री आणि परूशी (ज्यू धर्मातील कर्मठ पंथाचे लोक) यांना बाहेरून चुना लावलेल्या कबरी म्हणतो. कुराणातील ‘अल्-माऊन’ या सात आयतींच्या छोट्या सूऱ्यात, दाखवण्यासाठी नमाज पढणारे आणि शेजाऱ्याला साधी वापरायची वस्तूही न देणारे यांचा एकत्रच धिक्कार आहे. तुकोबांनी तर ‘काय काशी करिती गंगा, भीतरी चांगा नाही तो’ असे विचारून तीर्थयात्रेचा हिशेबच मोडीत काढला.

महाराष्ट्रात या दोषाचे सर्वांत मोठे आणि सर्वांत दुखरे उदाहरण पंढरपूरचे आहे. चोखामेळा हे चौदाव्या शतकातील महार जातीचे संत. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळून १३३८ मध्ये ते दगावले आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून विठ्ठलमंदिराच्या महाद्वारासमोर समाधी बांधली, अशी परंपरा आहे. पुढे शतकानुशतके त्यांच्या जातीच्या वारकऱ्यांची वारी त्या समाधीपाशीच संपत असे. समोर नामदेव पायरी, तिच्यापलीकडे विठोबा, आणि मध्ये बंदी. ती पायरी ओलांडून आत जाणारे मात्र चोखोबांचेच अभंग गात. ‘ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा, काय भुललासी वरलिया रंगा’ म्हणताना कित्येकांचा कंठ दाटून येई. तो गहिवर खोटा नव्हता. दंभ समजून घ्यायचा तर हे आधी मान्य करावे लागते : गाणारा मनापासून गात होता आणि मागे उभ्या असलेल्या माणसाला आत येऊ देत नव्हता, आणि या दोन गोष्टी त्याच्या मनात कधी समोरासमोर येतच नव्हत्या.

रमाबाई आंबेडकरांना पंढरीला जाण्याची फार ओढ होती. जिथे भक्ताला देवापासून दूर उभे केले जाते ती पंढरी आपल्याला काय करायची, आपण वेगळी पंढरी उभी करू, अशा आशयाचे उत्तर बाबासाहेबांनी त्यांना दिल्याचे चरित्रकार सांगतात. रमाबाई १९३५ मध्ये वारल्या. त्यानंतर बारा वर्षांनी हे मंदिर उघडले. साने गुरुजींनी आधी महाराष्ट्रभर दौरा केला, गावोगावच्या विहिरी आणि देवळे खुली करण्यासाठी लोकांची मने वळवली आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू केले. ते १० मे रोजी सुटले. दलितांचा प्रवेश होण्याआधी सनातन्यांनी मंत्र म्हणून मूर्तीतील देवत्व घागरीत काढून घेतल्याची हकिगत सांगितली जाते. जो देव चोखोबांसाठी गुरे ओढतो अशा कथा कीर्तनात शेकडो वेळा ऐकल्या, त्यालाच चोखोबांच्या माणसांपासून वाचवावे असे एखाद्या भक्ताला वाटणे, याहून खोल विसंगती क्वचितच सापडेल.

वारीच्या वाटेवरही हे होतेच. इरावती कर्वे यांनी आपल्या वारीच्या अनुभवावर लिहिताना नोंदवले आहे की, त्यांच्या दिंडीतील ब्राह्मण आणि मराठा मंडळी अभंग एकत्र म्हणत, पण पंगती वेगवेगळ्या बसत.

पुण्यातील पंचहौद या ख्रिस्ती मिशनचे चहा प्रकरण (१८९०) दंभाची दुसरी बाजू दाखवते. मिशनमधील एका कार्यक्रमात जमलेल्या प्रतिष्ठितांपुढे चहा-बिस्किटे आली; ख्रिस्त्यांच्या हातचे खाणेपिणे तेव्हा धर्मबाह्य मानले जाई. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे वृत्तपत्रातून जाहीर करविली, आणि ग्रामण्य, म्हणजे जातीतून बहिष्काराचा वाद, उभे राहिले. शंकराचार्यांपर्यंत तक्रार गेली, चौकशी बसली. टिळक आणि रानडे या दोघांनाही अखेर प्रायश्चित्ताचा मार्ग धरावा लागला, आणि रानड्यांनी ते घेतले म्हणून त्यांच्याच सुधारक सहकाऱ्यांनी त्यांना दोष दिला. येथे चहापेक्षा नाव छापून येणे जड ठरले. चारचौघांत उघड न होणाऱ्या गोष्टीकडे समाज डोळेझाक करतो आणि उघड झालेल्या गोष्टीला शिक्षा करतो, तेव्हा सामान्य माणूस दंभ शिकतो. तो त्याला शिकवला जातो, असेच म्हणायला हवे.

माणूस बोलतो एक आणि करतो दुसरे, हे प्रयोगानेही दिसले आहे. अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे डार्ली आणि बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी धर्मशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना बायबलमधील दयाळू शोमरोनी माणसाच्या (वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्याच्या) गोष्टीवर भाषण द्यायचे होते, काहींना वेगळ्या विषयावर. वाटेत एक माणूस कण्हत पडलेला होता. घाई नसलेल्यांपैकी सुमारे ६३ टक्के मदतीला थांबले, फार घाईत असलेल्यांपैकी सुमारे १० टक्के. भाषणाचा विषय कोणता होता याने लक्षणीय फरक पडला नाही. ज्ञानेश्वरीचे पारायण आटोपून उठलेल्या घरात कामाला येणाऱ्या बाईंचा चहाचा कप आजही वेगळा ठेवलेला असतो, तेव्हा हाच अनुभव येतो : वाचलेले आपोआप हातात उतरत नाही.

या विषयावरील सर्वांत कठोर आक्षेप डॉ. आंबेडकरांचा आहे. संतांनी देवापुढे सगळी माणसे समान आहेत असे सांगितले, माणसामाणसांत समता असावी म्हणून लढा दिला नाही, असे त्यांनी १९३६ मध्ये लिहिले. वारकरी परंपरेवर प्रेम करणाऱ्यालाही हा आक्षेप बाजूला सारता येत नाही. देवापुरती समता मान्य केली की भक्ताला बाहेरचे जग आहे तसे ठेवण्याची सोय मिळते, आणि दंभ त्या सोयीवरच जगतो.

ही सोय गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) श्रोत्यांना मिळू दिली नाही. ते गावात येताच हातात खराटा घेऊन आधी गाव झाडत, रात्री कीर्तनात लोकांना थेट प्रश्न विचारून उत्तर त्यांच्याच तोंडून काढीत : देवापुढे बकरे का कापता, कर्ज काढून जेवणावळी का घालता, शिवाशिव का पाळता. पंढरपुरात अस्पृश्य यात्रेकरूंना उतरायला जागा मिळत नसे, म्हणून त्यांनी तेथे चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि पुढे ती आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली.