‘आधी मजकूर, मग सजावट’ : एक जुना गैरसमज

तांत्रिक लेखनात एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: लेखकाने मजकूर पक्का करायचा, डिझाइन नंतर कुणीतरी ‘चढवतं’. २००५ साली ओएसिस या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने प्रमाणित केलेल्या डिटासारख्या (तांत्रिक मजकुराच्या भागांना खुणा करून लिहिण्याच्या) पद्धतींनी त्याला खतपाणी घातलं. डिटात मजकूर आणि रूप वेगळं ठेवतात, हे खरं. पण वेगळे होतात ते फॉन्ट, रंग, समास. ही पायरी, हा इशारा, अशा खुणा लिहितानाच कराव्या लागतात.

रत्नागिरीच्या मिरकरवाड्यातली होडी घ्या. तिच्या टू-स्ट्रोक इंजिनाला पुस्तिकेत ५०:१ मिश्रण सांगितलंय, म्हणजे १० लिटर पेट्रोलला २०० मिली ऑइल. परिच्छेदाच्या पोटात दडलेलं हे वाक्य बिनचूक असूनही कुचकामी. हात ओले, होडी डुलतेय, तांडेल (होडीचा प्रमुख) ओरडतोय. तेच ५, १०, २० लिटरच्या तक्त्यात मांडलं की नजर थेट आकड्यावर जाते. आता हा तक्ता मजकूर की डिझाइन? मला तरी फोड करता येत नाही. (आकडाच चुकला तर देखणा तक्ता इंजिन जाळतो, तेही आलंच.)

‘इंधन भरताना इंजिन बंद ठेवा’ हे भरण्याच्या पायरीआधीच हवं. नंतर छापलंत तर कितीही लाल रंगवा, तोवर टाकीचं झाकण उघडलेलं असतं.