थर्ड-पार्टी लायब्ररीची निवड

सॉफ्टवेअर तयार करताना दुसऱ्यांनी लिहिलेला कोड आपल्या प्रकल्पात घ्यायचा का, आणि घ्यायचा तर कोणता, हे ठरवण्याची प्रक्रिया. तारखांचे हिशेब, लॉग, एन्क्रिप्शन, पीडीएफ ही कामे सहसा कोणी मुळापासून लिहीत बसत नाही. मेव्हन, पिप, एनपीएम अशा साधनांमुळे लायब्ररी एका ओळीत प्रकल्पात येते. ती काढायची वेळ आली की मात्र महिने जातात.

पहिली निवड बहुतेकदा सवयीने होते. आधीच्या प्रकल्पात जे चालले, तेच पुढे. गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरचे स्टार (वापरकर्त्यांनी दिलेली पसंती) सगळेच बघतात, पण त्यांतून फक्त प्रसिद्धी कळते. मुरलेले डेव्हलपर शेवटचा रिलीज कधीचा, तक्रारींना कोणी उत्तर देते का आणि कोड सांभाळणारा माणूस एकटाच आहे का, हे आधी पाहतात. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. एक्सझेड ही फाइल आक्रसणारी लायब्ररी वर्षानुवर्षे जवळपास एकाच माणसाच्या जिवावर चालली होती. मदतीला आलेल्या एका अनोळखी व्यक्तीने हळूहळू विश्वास कमावला आणि २०२४ मध्ये ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट घातली. एसएसएचने, म्हणजे दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरण्याच्या पद्धतीने, लॉगिन करायला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा माग काढताना आंद्रेस फ्रॉइंड या डेव्हलपरना ती सापडली.

लायब्ररी एकटी येत नाही, स्वतःच्या डिपेंडन्सी, म्हणजे ती ज्यांवर अवलंबून आहे त्या इतर लायब्ररीही, घेऊन येते. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड हे ११ ओळींचे पॅकेज लेखकाने एनपीएमवरून काढताच जगभरचे बिल्ड, म्हणजे कोडपासून चालता प्रोग्राम बनवण्याची कामे, कोसळले. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या लॉग (प्रोग्राममधील घडामोडींच्या नोंदी) ठेवणाऱ्या जावा लायब्ररीमधील सुरक्षेची त्रुटी उघड झाली, तेव्हा अनेक कंपन्यांचा वेळ ती आपल्याकडे नेमकी कुठे दडली आहे हे शोधण्यातच गेला.

मुंबईत बँका, ब्रोकर आणि विमा कंपन्यांसाठीचे काम मोठे असल्याने निवडीवर नियामकाची नजर असते. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या ऑगस्ट २०२४ च्या सायबर सुरक्षा चौकटीत सॉफ्टवेअरमधील घटकांची यादी, म्हणजे एसबीओएम, ठेवण्याची तरतूद आहे. अशा अनेक ठिकाणी इंटरनेटवरून थेट डाउनलोड बंद असते. मंजूर लायब्ररी अंतर्गत भांडारातूनच घ्यायची, नवी हवी तर सिक्युरिटी आणि लीगलची मंजुरी आणायची. याची एक गैरसोय क्वचितच बोलली जाते: मंजुरीला कंटाळलेला डेव्हलपर तोच कोड कॉपी करून आपल्या फाइलमध्ये चिकटवतो, आणि तो कुठल्याच यादीत दिसत नाही.

लीगलचा आक्षेप बहुधा लायसन्सवर असतो. एमआयटी आणि अपाची ही फारशा अटी नसलेली लायसन्स सहज चालतात, आपला कोडही खुला करायला लावू शकणाऱ्या जीपीएलला प्रश्न विचारले जातात, आणि नेटवरून दिलेल्या सेवेलाही तीच अट लावणारे एजीपीएल बहुतेक ठिकाणी नाकारले जाते. जावातली आयटेक्स्ट ही पीडीएफ लायब्ररी २००९ मध्ये पाचव्या आवृत्तीपासून एजीपीएलखाली गेली. आपला कोड बंद ठेवायचा असेल तर सशुल्क परवाना घ्या, अशी ही रचना. त्यामुळे काही जण जुन्या आवृत्तीवरच थांबले, तर काही त्या जुन्या आवृत्तीतून निघालेल्या ओपनपीडीएफ या मोफत लायब्ररीकडे वळले.

मराठी पावत्या आणि पॉलिसी छापायच्या असतील तर आणखी एक कसोटी लागते, आणि इथे नमुना चुकीचा निवडला की फसगत होते. ‘मुंबई’ या शब्दात जोडाक्षर नाही, ऱ्हस्व वेलांटीही नाही. त्यामुळे अक्षरे नुसती एकापुढे एक ठेवणारी लायब्ररीही तो बऱ्यापैकी छापते. तिलाच ‘विक्रोळी’ दिली की वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे जाते आणि ‘क्र’ फुटतो. ‘कुर्ला’तला रफार हलन्त ‘र’ होऊन उभा राहतो. हार्फबझसारखे शेपिंग इंजिन, म्हणजे अक्षरांची योग्य जोडणी आणि जागा ठरवणारा प्रोग्राम, वापरणाऱ्या लायब्ररीत, फॉन्ट धड असेल तर, हे होत नाही. पुढची तपासणी रकमेची: लाखाचे स्वल्पविराम १,००,००० असे पडतात की १००,००० असे.