‘फक्त डॉक्टरांसाठी’ ही ओळ आली कुठून?

गेल्या आठवड्यात सदाशिव पेठेतल्या आमच्या औषधांच्या दुकानात एक आजी आल्या. रक्तदाबाच्या नव्या गोळ्यांच्या खोक्यातला पातळ कागद त्यांनी काउंटरवर पसरला आणि वरच्या इंग्रजी ओळीवर बोट ठेवलं: केवळ नोंदणीकृत डॉक्टर, रुग्णालय किंवा प्रयोगशाळेच्या वापरासाठी. “म्हणजे हे मी वाचायचं नाही का रे?”

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, म्हणून थोडं मागे जाऊन सांगतो.

वैद्यकीचं ज्ञान कुणाला द्यायचं, ही काळजी आपल्याकडे फार जुनी आहे. चरकसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात, ‘विमानस्थान’ नावाच्या भागात, शिष्याची पारख कशी करावी, त्याला अग्नीच्या साक्षीने कोणते नियम सांगावेत, हे सविस्तर दिलंय. तिथे गुरू शिष्याला जवळून पाहायचा. इंग्रजी अमदानीत ते काम नोंदवहीकडे गेलं. पुणे तेव्हा मुंबई इलाख्यात होतं आणि या इलाख्यात १९१२ च्या कायद्याने डॉक्टरांची नोंदणी सुरू झाली. पुढे १९४० चा औषध कायदा आणि १९४५ चे नियम आले. आम्ही फार्मासिस्ट नोंदवहीत आलो ते १९४८ च्या कायद्याने.

आजींनी बोट ठेवलेल्या शब्दांचं मूळ मात्र जाहिरातींच्या कायद्यात सापडतं. मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदू हमखास बरा करतो म्हणणाऱ्या जाहिरातींना आळा घालायला १९५४ मध्ये ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा झाला. ठरावीक आजारांवरच्या औषधांची जाहिरात बंद झाली. पण नव्या औषधाची खबर डॉक्टरांपर्यंत पोचायला तर हवी. म्हणून नोंदणीकृत डॉक्टरला गोपनीयपणे पाठवलेल्या मजकुराला सूट मिळाली, आणि त्यावर हेच शब्द छापावेत असं १९५५ च्या नियमांनी ठरवलं. आजारी माणसाला खोट्या आशेपासून वाचवणं, हा त्यामागचा हेतू मला आजही मोलाचा वाटतो. त्याच शब्दांमुळे एखादी बाई आपल्याच गोळीचे दुष्परिणाम वाचायला कचरते, याचं मला वाईट वाटतं.

औषध हातात देताना मात्र पडताळणी हवीच, आणि ती शेवटी काउंटरवर होते. १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-वन, म्हणजे विक्रीची वेगळी नोंद ठेवायच्या औषधांची यादी, लागू झालं. सुरुवातीला त्यात ४६ औषधं होती: नव्या पिढीतली अँटिबायोटिक्स, क्षयाची औषधं, सवय लावणाऱ्या काही गोळ्या. त्यांच्यासाठी वेगळी वही. डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, नग, सगळं लिहायचं आणि वही ३ वर्षं जपायची. डॉक्टरने प्रिस्क्रिप्शनवर नोंदणी क्रमांक द्यावा, हा नियम २००२ चा. पण शिक्का पुसट असला की त्यातला आकडा ३ की ८ हे उजेडात धरूनही कळत नाही. मग मी दवाखान्यात फोन लावतो. रांग खोळंबते, लोक कुरकुरतात, तरी लावतो.

आजींना मी तो कागद वाचून दाखवला. उठताना चक्कर येऊ शकते, पायांवर सूज दिसली तर डॉक्टरांना कळवा, एवढं नीट समजावलं. डोस कमी-जास्त करण्याचा भाग त्यांच्या डॉक्टरांवर सोडला. त्यांनी माझ्याकडून पेन मागून घेतलं, खोक्यावर ‘हळू उठणे’ असं लिहिलं आणि कागद पुन्हा त्याच घड्यांवर मिटून पिशवीत टाकला.