क्वालालंपूरच्या दोन ‘लिटल इंडिया’: ब्रिकफील्ड्स वेगळं, मस्जिद इंडिया वेगळं

क्वालालंपूरला ओळखीचं कुणी आलं की दोन दिवसांत मला फोन येतोच. “अरे, आम्ही लिटल इंडियात उभे आहोत, पण तू सांगितलेली कापडाची गल्ली काही सापडत नाही.” मी विचारतो, समोर काय दिसतंय? “हत्तींचं कारंजं.” मग कळतं काय ते. मंडळी ब्रिकफील्ड्सला उतरली आहेत, आणि कापडाची गल्ली आहे मस्जिद इंडियाला, तिथून तीनेक किलोमीटरवर.

या शहरात लिटल इंडिया दोन आहेत. दोन्हींना लोक तेच नाव लावतात, आणि सहलींच्या माहितीपत्रकांत वर्णन एकीचं, फोटो दुसरीचा असं चाललेलं असतं. गेल्या वर्षी माझ्या मावशीच्या सहलीत ‘लिटल इंडियात खरेदी, दोन तास’ असं छापलेलं होतं. तिला बाटिकचं कापड घ्यायचं होतं. बसने ब्रिकफील्ड्सला सोडलं. दोन तास ती गजरे, मसाल्याच्या पुड्या आणि पितळी समया बघत फिरली आणि बाटिक न घेताच पुण्याला परतली. आपण कुठे चाललोय हे सांगणाऱ्यालाच माहीत नसलं की असं होतं, आणि मला त्याचा मनापासून राग येतो.

आधी ब्रिकफील्ड्स कुठे आहे ते थोडक्यात. विमानतळावरची गाडी ज्या केएल सेंट्रलला आणून सोडते ते स्टेशन ब्रिकफील्ड्सच्या जुन्या रेल्वे यार्डावरच २००१ साली सुरू झालं. बाहेर पडलात की जालान तुन सांबंथन हा मुख्य रस्ता लागतो. जालान म्हणजे रस्ता. रंगीत कमानी, मोगऱ्याचे गजरे, दुकानांतून मोठ्याने वाजणारी तमिळ गाणी, केळीच्या पानावरचं जेवण. भारत सरकारने भेट दिलेलं सांचीच्या धाटणीचं तोरणही इथेच, २०१५ सालचं. ‘लिटल इंडिया’ हे अधिकृत नाव ऑक्टोबर २०१० मध्ये मिळालं, तेव्हा आपले मनमोहन सिंग आणि मलेशियाचे नजीब रझाक हे दोन्ही पंतप्रधान हजर होते.

आता खरा घोळ. दोन्हींतला फरक सांगताना लोक तीनपैकी एक उत्तर देतात. ब्रिकफील्ड्स नवं आणि मस्जिद इंडिया जुनं. ब्रिकफील्ड्स पर्यटकांसाठी सजवलेलं आणि मस्जिद इंडिया अस्सल. किंवा ब्रिकफील्ड्स हिंदूंचं आणि मस्जिद इंडिया मुसलमानांचं. तिन्ही उत्तरं चूक आहेत. तिसऱ्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच ते जास्त फसवतं.

खरा फरक असा: ब्रिकफील्ड्स ही वसाहत आहे आणि मस्जिद इंडिया ही पेठ आहे. एकीकडे लोक नोकरीसाठी येऊन राहिले, दुसरीकडे माल विकायला येऊन बसले. भुसावळची रेल्वे कॉलनी आणि पुण्यातली एखादी कापडाची पेठ यांची गल्लत आपण कधी करू का? मग इथेही करायला नको.

ब्रिकफील्ड्सचं नावच सांगतं की तिथे वीटभट्ट्या होत्या. १८८१ साली क्वालालंपूरला आधी आग लागली, मग पूर आला. लाकूड आणि झावळ्यांचं गाव होत्याचं नव्हतं झालं. त्यानंतर ब्रिटिश रेसिडेंट फ्रँक स्वेटनहॅमने घरं विटांची आणि कौलांची बांधायला लावली. विटा पाडायच्या भट्ट्या या भागात लागल्या. चिनी समाजाचा कापितान, म्हणजे मुखिया, याप क्वान सेंग त्यातला मोठा माणूस. १८८६ साली क्लांगकडे जाणारी रेल्वे सुरू झाली, पुढे रेल्वेचं यार्ड आणि डेपो इथे आले, आणि रेल्वेला माणसं लागली. रूळ टाकायला दक्षिण भारतातले मजूर आले. कचेरीत आणि स्टेशनांवर बसायला इंग्रजी शिकलेले श्रीलंकेतल्या जाफन्याचे तमिळ आले. त्यांच्यासाठी क्वार्टर्स बांधली. ‘हंड्रेड क्वार्टर्स’ नावाची घरांची वसाहतच इथे होती; ती पाडली त्याचं जुन्या रहिवाशांना अजून वाईट वाटतं.

माणूस क्वार्टरमध्ये राहायला लागला की त्याला देऊळ लागतं, मुलांना शाळा लागते, म्हाताऱ्यांना संध्याकाळी बसायला जागा लागते. ब्रिकफील्ड्समध्ये हे सगळं आहे. जाफन्याच्या शैवांचं श्री कंदस्वामी कोविल आहे. विवेकानंद आश्रम १९०४ पासून आहे. १८९४ साली सिंहली लोकांनी संस्था काढून उभारलेला बौद्ध महाविहार आहे. वेसाकची, म्हणजे आपल्या बुद्धपौर्णिमेची, शहरातली मोठी मिरवणूक तिथून निघते. तमिळ लुथरन चर्च आहे. चिनी देऊळही आहे. थोडक्यात, ज्याला आपण लिटल इंडिया म्हणतो त्याचा बराच भाग श्रीलंकेचा आहे. “कंदस्वामी म्हणजे आपल्या तामिळनाडूतलंच देऊळ” असं कुणी तिथल्या आजोबांसमोर म्हणालं की ते शांतपणे दुरुस्ती करतात: “जाफना.” एवढा एकच शब्द. मी तो दोन वेळा ऐकला आहे.

म्हणून ब्रिकफील्ड्सला ‘नकली’ म्हणणाऱ्यांशी मी भांडतो. कमानी २०१० च्या असतील. पण त्यांच्या खालून जाणाऱ्या बाईचे पणजोबा रेल्वेच्या पगारावर याच गल्लीत राहिले असण्याची दाट शक्यता आहे. रंगवलेल्या खांबांवरून वस्तीचं वय ठरवू नका.

आता मस्जिद इंडिया. क्लांग आणि गोम्बाक या दोन नद्या जिथे मिळतात तिथे हे शहर सुरू झालं. क्वालालंपूर या नावाचा अर्थच ‘गढूळ संगम’ असा. संगमाला लागून बाजार बसला, आणि बाजार म्हटला की दक्षिण भारतातले व्यापारी आलेच. तमिळ मुसलमान कापड, मसाला आणि दागिने घेऊन आले. जवळच्या लेबुह अम्पांगवर चेट्टियार सावकारांच्या पेढ्या बसल्या. आजही तिथे पैसे बदलून देणारी दुकानं रांगेने आहेत. १८६३ साली तमिळ मुसलमानांनी लाकडी मशीद बांधली, तीच मस्जिद इंडिया. आजची इमारत १९६० च्या दशकातली, पण शुक्रवारचं प्रवचन अजून तमिळमध्ये होतं. रस्त्याला मशिदीचं नाव पडलं आणि परिसराला रस्त्याचं.

पेठेत माणूस राहत नाही, विकतो. त्यामुळे इथे क्वार्टर्स शोधू नका. इथे दुकानावर दुकान आहे: ठाणांतून सुटणारं कापड, बाजू कुरुंग या मलाय बायकांच्या पोशाखासाठीचे छापील तागे, डोक्यावरच्या तुडुंगचे ढीग, सोन्याची दुकानं, फुटपाथवर मुळ्या, तेलं आणि औषधी काढे विकणारे. आणि मुख्य म्हणजे गिऱ्हाईक बहुतांशी मलाय आहे. हरी रायाच्या, म्हणजे ईदच्या, आधीच्या आठवड्यांत तिथे पाय ठेवायला जागा नसते. शेजारच्या गल्लीत शनिवारी संध्याकाळी रात्रबाजार भरतो, तोही मुख्यतः मलाय कुटुंबांचा. दुकानदार तमिळ, गिऱ्हाईक मलाय, भाव चाललाय मलायमध्ये आणि पोऱ्याला हाक तमिळमध्ये. हे चित्र ब्रिकफील्ड्सला दिसत नाही. तिथे विकणारा आणि घेणारा बहुधा एकाच समाजातले असतात.

म्हणून हिंदू-मुसलमान ही विभागणी अपुरी पडते. मस्जिद इंडियाला साड्यांची दुकानं आहेत, फुलांच्या माळा आहेत, कुंकू लावलेल्या बायका भाव करताना दिसतात. ब्रिकफील्ड्सला मुसलमानांची खाणावळ आहे. धर्म बघून पत्ता शोधायला गेलात तर दोन्हीकडे चुकाल. राहायची जागा की विकायची जागा, हे विचारा.

याच परिसरात दुसरी एक गल्लत इतक्यांदा होते की ती सांगायलाच हवी. संगमाच्या टोकावर जी देखणी मशीद आहे, कांद्याच्या आकाराच्या घुमटांची आणि लाल-पांढऱ्या पट्ट्यांची, ती मस्जिद इंडिया नाही. ती मस्जिद जामेक. ‘जामेक’ म्हणजे आपल्या ‘जामा मशिदी’तलं जामा. १९०९ साली ती पुरी झाली आणि तिचा आराखडा आर्थर बेनिसन हबॅक या इंग्रज वास्तुविशारदाचा. त्याने हिंदुस्थानातल्या मुघल इमारतींचं वळण घेतलं, म्हणून ती आपल्या डोळ्यांना ‘इंडियन’ वाटते. तमिळ मुसलमानांची खरी मस्जिद इंडिया आत बाजाराच्या दाटीत आहे आणि तिच्याकडे कुणी कॅमेरा वळवत नाही. दिसायला हिंदुस्थानी ती इंग्रजाची, आणि हिंदुस्थानी माणसांनी उभी केलेली ती दिसायला साधी. मी तिथे नेलेल्या प्रत्येकाला आधी आतली दाखवतो, मग संगमावरची.

आणि शहरातलं सगळ्यात जुनं हिंदू देऊळ? ते दोन्हींपैकी कुठेच नाही. श्री महामारियम्मन देऊळ, तंबुसामी पिळ्ळै यांनी १८७३ साली स्थापन केलेलं, आज चायनाटाऊनमध्ये आहे, जालान तुन एच. एस. लीवर. थैपूसमला, म्हणजे मुरुगनच्या उत्सवाला, चांदीचा रथ तिथून निघून बातू केव्ह्ज या गुहांमधल्या देवळाला जातो. ‘लिटल इंडियातलं जुनं देऊळ’ असं लिहिलेलं दिसलं की लिहिणारा तिथे गेलेला नाही असं समजा.

खाण्याबद्दल माझं मत पक्कं आहे. शाकाहारी असाल तर ब्रिकफील्ड्सलाच जेवा. केळीचं पान मांडतात, भात वाढतात, दोन-तीन भाज्या, पापड, रसम, आणि भात पुन्हा हवा का हे दर पाच मिनिटांनी विचारतात. जेवण आवडलं की पान आपल्याकडे दुमडायचं. मस्जिद इंडियाला जायचं ते नासी कांदारसाठी. कांदार म्हणजे कावड. पिनांगचे तमिळ मुसलमान फेरीवाले कावडीच्या एका टोकाला भात आणि दुसऱ्या टोकाला रस्से घेऊन फिरायचे, त्यावरून हे नाव. काउंटरवर उभं राहून बोटाने दाखवायचं: हे मटण, ही भेंडी, ते कालवण. वाढणारा चार-पाच रश्शांचे पळे एकाच भातावर घालतो. भात रश्शात बुडालेला हवा असेल तर ‘बांजिर’ म्हणायचं, म्हणजे पूर. पळी सगळ्या भांड्यांत तीच फिरते, त्यामुळे कडक शाकाहारी माणसाने या वाटेला जाऊ नये. त्यांनी लेबुह अम्पांगवरची शाकाहारी भोजनालयं गाठावीत.

ब्रिकफील्ड्सला आणखी एक गोष्ट बघा, जी मस्जिद इंडियाला नाही. अंधांसाठीची मलेशियातली मोठी संस्था इथेच आहे, म्हणून फुटपाथवर उंचवट्याच्या पिवळ्या फरश्यांची पट्टी लांबवर जाते आणि पांढरी काठी घेतलेली माणसं सराईतपणे फिरताना दिसतात. अंध मालिशवाल्यांची दुकानंही त्यामुळेच इतकी. त्या पिवळ्या पट्टीवर उभं राहून फोटो काढू नका, सामान तर मुळीच ठेवू नका. मी स्वतः एका आजोबांना कुणाच्या तरी चाकांच्या बॅगेवर आदळताना पाहिलं आहे.

एकीकडून दुसरीकडे जाणं सोपं. केएल सेंट्रलहून एलआरटी, म्हणजे शहरातली मेट्रोसारखी गाडी, घ्या, मध्ये पासार सेनी, पुढचं मस्जिद जामेक. दोन स्टेशनं. टॅक्सी बोलावताना मात्र पत्त्यात ‘लिटल इंडिया’ टाकू नका. जेवायला आणि देवळं बघायला जायचं असेल तर ‘जालान तुन सांबंथन’ लिहा. कापड घ्यायचं असेल तर ‘जालान मस्जिद इंडिया’ लिहा, शनिवारी चारच्या सुमारास पोचा आणि मीटरचा भाव विचारण्याआधी पन्हा किती आहे ते विचारा.