बाजाची पेटी

बाजाची पेटी (हार्मोनिअम, बोलीत नुसती पेटी) : भात्याची हवा आणि पितळी पत्त्या यांवर चालणारे स्वरवाद्य. भजन-कीर्तनात ते इतके रुळले आहे की परंपरागत मानले जाते. मात्र त्याचे आजचे बैठे रूप जेमतेम दीडशे वर्षांचे आहे.

उत्पत्ती : चिनी ‘शंग’ या मुखवाद्यापासून पेटीपर्यंत सरळ वंशावळ मांडण्याचा जुन्या ग्रंथांचा प्रघात आहे. आमिओ या जेझुइट पाद्र्याने १७७७ च्या सुमारास शंग पॅरिसला धाडल्याचा आधार त्यासाठी दिला जातो. रचना पाहता हे मत जपूनच स्वीकारावे लागते. शंगाची जीभ (हवेने कंप पावून स्वर देणारी पत्ती) पत्र्यातच कोरलेली व त्याच्या पातळीत असते. फुंकले वा ओढले तरी ती बोलते आणि तिचा स्वर नळीच्या लांबीशी बांधलेला असतो. पेटीची पत्ती चौकटीवर वेगळी जडवलेली, किंचित उचललेली असते; ती एकाच दिशेच्या हवेने बोलते व तिला नळी लागत नाही. अशी पत्ती क्राट्सेनश्टाइन या कोपनहेगनच्या प्राध्यापकाच्या यंत्रात दिसते. ते वाद्य नव्हतेच. मानवी स्वरोच्चार कृत्रिम रीतीने काढून दाखवणाऱ्या या बोलक्या यंत्राला सेंट पीटर्झबर्गच्या अकादमीने १७८० मध्ये पारितोषिक दिले. पुढे ग्रनिए, हेकल इत्यादींनी पत्तीची वाद्ये घडवली. ‘हार्मोनिअम’ या नावाचे एकस्व (पेटंट) आलेक्सांद्र दबँ याने पॅरिसमध्ये १८४० च्या सुमारास घेतले.

भारतात : मिशनऱ्यांबरोबर आलेली पेटी पायाने भाता मारण्याची होती. मांडी घालून वाजवता येईल अशी हातपेटी घडवण्याचे श्रेय सामान्यतः कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष (‘द्वारकिन’ या वाद्यपेढीचे संस्थापक) यांना देतात. साल १८८४ वा १८८७. नाटक मंडळ्यांनी मात्र पायपेटी व ऑर्गन सोडले नाहीत. ऑर्गनचा भाता बहुधा हवा आत ओढतो, पेटीचा बाहेर ढकलतो. नादातील फरकाचे हे एक कारण. गोविंदराव टेंबे यांनी पेटीला एकलवादनाची प्रतिष्ठा मिळवून दिली.

श्रुतींचा वाद : समविभागी (सप्तकाचे बारा सारखे भाग करणारे) स्वर आणि मींडेचा, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाण्याचा, अभाव हे पेटीवरील मुख्य आक्षेप. सांगलीचे कृ. ब. देवल आणि मुलकी अधिकारी ई. क्लेमंट्स यांनी १९११ च्या सुमारास बावीस श्रुतींची (सप्तकातील सूक्ष्म स्वरस्थानांची) पेटी लंडनच्या कारखान्यात बनवून घेतली. अब्दुल करीम खाँ यांचे त्यांना साहाय्य होते. १९१६ च्या बडोदे संगीत परिषदेत तिची चर्चा झाली, पण गवयांनी ती उचलली नाही. मींड तीवरही निघत नव्हतीच.

आकाशवाणीने मार्च १९४० पासून पेटीवर बंदी घातली; रवींद्रनाथ टागोरांचाही पेटीला विरोध होता. सत्तरच्या दशकाच्या प्रारंभी साथीपुरती ही बंदी शिथिल झाली; एकलवादनाला मोकळीक मिळण्यास त्यानंतरही बराच काळ जावा लागला.