वीज पायांतूनही येते

‘झाडाखाली आसऱ्याला थांबलेल्या मजुरांचा वीज पडून मृत्यू.’ मे महिन्यातला अवकाळी असो की ऑक्टोबरातली सोयाबीनची काढणी, मराठवाडा-विदर्भातल्या वर्तमानपत्रांत ही बातमी दरवर्षी येते आणि दोन परिच्छेदांत संपते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 मध्ये देशात नैसर्गिक आपत्तींनी 8,060 बळी घेतले, त्यांतले 2,887 एकट्या विजेचे. पूर, उष्माघात, थंडी यांपैकी कुठल्याही एका कारणापेक्षा हे जास्त आहेत. तरी धास्ती मात्र भूकंपाची. 1993 चा किल्लारीचा भूकंप आजही लोकांच्या बोलण्यात येतो, कारण त्या एका पहाटे हजारो माणसं गेली. वीज एकेक-दोनदोन माणसं नेते, वेगवेगळ्या शिवारांतून. आकडा मोठा होतो, पण तो एका जागी कुणालाच दिसत नाही.

त्यात शेतात माणूस सांभाळत असतो ते पावसाला. भिजणं नक्की असतं, वीज पडेलच असं नसतं. बांधावरचा आंबा किंवा लिंब पावसापासून खरोखर वाचवतो, आणि म्हणूनच तो घातक आहे.

वीज ‘डोक्यावर पडते’ असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात थेट अंगावर वीज पडून दगावणारे थोडे असतात. अभ्यासकांच्या अंदाजानुसार निम्म्याच्या आसपास बळी जमिनीतून पसरलेल्या प्रवाहाचे असतात. हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

वीज झाडावर पडली की साधारण 30,000 अँपियरचा प्रवाह खोडातून मुळांकडे उतरतो आणि मातीत चहूबाजूंनी पसरतो. माती काही तांब्याची तार नव्हे, ती विरोध करते. त्यामुळे खोडापाशी विद्युतदाब प्रचंड असतो आणि दूर जावं तसा उतरत जातो. डोंगराचा उतार जसा माथ्याजवळ उभा आणि पायथ्याशी सपाट असतो, तसाच हाही. तुमचा एक पाय झाडाच्या जवळ आणि दुसरा थोडा लांब असेल, तर दोन्ही पाय वेगवेगळ्या दाबावर असतात. दोहोंतला फरक तुमच्या शरीरातून प्रवाह ढकलतो. वायरमन याला स्टेप व्होल्टेज म्हणतात. तुटलेल्या तारेजवळ असाल तर पाय जुळवून उड्या मारत लांब जा, असं सांगतात त्यामागचं कारणही हेच.

हिशेब करून पाहू. मातीचा विशिष्ट रोध, म्हणजे ती प्रवाहाला किती अडवते त्याचं माप, 100 ओहम-मीटर धरला आणि प्रवाह अर्धगोलात सारखा पसरतो असं मानलं, तर एखाद्या ठिकाणचा दाब म्हणजे प्रवाह गुणिले विशिष्ट रोध, भागिले 2π गुणिले अंतर. पायांत अर्धा मीटर अंतर ठेवून खोडापासून 5 मीटरवर उभं राहिलं, तर दोन पायांतला फरक सुमारे 8,700 व्होल्ट येतो. 10 मीटरवर तो 2,300 होतो आणि 20 मीटरवर 580. म्हणजे अंतर दुप्पट केलं की धोका साधारण चौथाईवर येतो. त्याच 10 मीटरवर पाय जवळ घेऊन त्यांतलं अंतर 10 सेंटिमीटर केलं, तर फरक 500 व्होल्टच्याही खाली जातो. कातळावर किंवा कोरड्या मुरमावर रोध जास्त, म्हणून हे सगळे आकडेही वाढतात.

आता त्याच मातीत 10 मीटरवर गाय उभी आहे असं समजा. पुढच्या आणि मागच्या पायांत दीड मीटर अंतर, म्हणजे 6,200 व्होल्ट, आणि वाटेत हृदय. झाडाखाली बांधलेली गुरं एकाच वेळी मरतात ती यामुळे. नॉर्वेत हार्डांगरविडा पठारावर ऑगस्ट 2016 मध्ये वादळात 323 रेनडिअर एकाच जागी मरून पडले, तेही जमिनीतल्या प्रवाहानेच, असं मानलं जातं. माणूस आडवा झोपला तर तो स्वतःची अवस्था या जनावरांसारखी करून घेतो. खोडाला हात टेकून उभं राहणं तर त्याहून वाईट, कारण प्रवाहाला हातापासून पायापर्यंत थेट छातीतून वाट मिळते.

या सगळ्या हिशेबात माणूस जन्मताना डोकं आधी आलं की पाय, याला कुठेही जागा नाही. तरी ‘पायाळू माणसावर वीज पडते’ ही समजूत अजून टिकून आहे. तिच्यामुळे एका निरपराध माणसाला आयुष्यभर भीती बाळगावी लागते. त्याहून घातक म्हणजे बाकीचे सगळे स्वतःला सुरक्षित समजतात.

गावात वीजरोधक मनोरा बसला की सगळं शिवार सुरक्षित झालं, असंही बोललं जातं. साधा मनोरा ढोबळमानाने आपल्या उंचीइतक्याच अंतरापर्यंत आडोसा देतो. शाळेची इमारत वाचेल, दोन किलोमीटरवरचा मळा नाही.

म्हणून पावसाची वाट न पाहता पहिल्या गडगडाटालाच काम थांबवायला हवं. वीज ढगाच्या गाभ्यापासून 10 किलोमीटर लांब, कोरड्या रानातही पडू शकते. चमक दिसल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजून तिनाने भागा, म्हणजे अंतर किलोमीटरमध्ये मिळेल. 30 सेकंदांच्या आत आवाज आला तर पक्क्या घरात किंवा पत्र्याच्या बंद गाडीत जायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. उघडं पत्र्याचं शेड किंवा खोपी हा आसरा नव्हे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आसपासच्या विजांची सूचना देतं. मुकादमाच्या मोबाईलमध्ये तरी ते असावं. मोबाईल वीज ओढत नाही.

काहीच जवळ नसेल तर एकट्या झाडापासून लांब, पाय जुळवून उकिडवं बसायचं, एकमेकांपासून अंतर ठेवून. ही सुरक्षा नव्हे, फक्त नुकसान कमी करणं आहे.

आणि कुणी पडलाच, तर त्याला हात लावायला घाबरू नका. त्याच्या अंगात वीज साठून राहत नाही. श्वास आणि नाडी बंद असेल तर लगेच छातीवर मिनिटाला 100 ते 120 दाब द्यायला सुरुवात करा आणि दुसऱ्याला 108 लावायला सांगा. रुग्णवाहिका येईपर्यंत दाब थांबवू नका.