लोकसहभागावरचे आतल्यांचे आक्षेप

शहर-नियोजनात लोकांना सामील करून घ्यावं, याला आज उघड विरोध कुणी करत नाही. त्यामुळेच या कामात चिकित्सक राहणं अवघड झालंय. बैठक झाली, नकाशावर खुणा झाल्या, हजेरीपटावर सह्याही झाल्या; पण निर्णय त्याआधीच झाला होता का? हा प्रश्न जुना आहे, आणि तो नेटाने विचारला तो याच कामात बुडालेल्या माणसांनी.

अमेरिकेत १९४९ च्या गृहनिर्माण कायद्यानंतर शहरांच्या नूतनीकरणाच्या नावाखाली वस्त्याच्या वस्त्या पाडल्या गेल्या. सर्वाधिक झळ गरीब कृष्णवर्णीयांना बसली. १९५४ मध्ये नागरिकांच्या सहभागाची अट आली, पण ती बहुतेक ठिकाणी प्रतिष्ठितांच्या सल्लागार समित्यांवर भागवली गेली. नियोजक तटस्थ नसतोच, तेव्हा त्याने वकिलासारखी दुर्बलांची बाजू उघडपणे मांडावी, असं नियोजक पॉल डेव्हिडॉफ यांनी १९६५ मध्ये सुचवलं.

शेरी अर्नस्टीन यांचं उदाहरण मला सगळ्यात मोलाचं वाटतं. अमेरिकी केंद्र सरकारच्या ‘मॉडेल सिटीज’ या शहरांतल्या गरीब वस्त्या सुधारण्याच्या कार्यक्रमात त्या नागरिक-सहभागाच्या मुख्य सल्लागार होत्या. त्या अनुभवावरून १९६९ मध्ये त्यांनी आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तळाशी लोकांची दिशाभूल, माथ्यावर लोकांचं नियंत्रण. माहिती देणं, मतं मागवणं आणि समितीत एखाद-दुसरी जागा देऊन समजूत घालणं या मधल्या तिन्ही पायऱ्यांना त्यांनी देखावा ठरवलं. शिडी हे सोपं केलेलं चित्र आहे, प्रत्यक्षात सत्ता असलेल्यांचे आणि नसलेल्यांचे गट इतके एकसंध नसतात, हेही त्यांनीच लिहून ठेवलं. शिडी उद्धृत करणारे हा भाग बहुधा गाळतात.

पुढच्याच वर्षी समाजशास्त्रज्ञ फ्रान्सिस फॉक्स पिव्हेन यांनी डेव्हिडॉफप्रणीत वाटेवरच बोट ठेवलं: आराखड्यांच्या तांत्रिक चर्चेत गुंतलेल्या गरिबांचं आंदोलनाचं बळ खर्ची पडतं. मदत करणाऱ्यालाच हे ऐकवणं बोचरं होतं, आणि गरजेचंही.

२००१ मध्ये बिल कुक आणि उमा कोठारी या अभ्यासकांनी संपादित केलेल्या ग्रंथात हीच तपासणी विकास-प्रकल्पांची झाली. गावाचं किंवा वस्तीचं ‘एकमत’ नोंदवताना आतले दबाव कसे झाकले जातात, हे त्यात दिसतं.

ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ पासून लोकांना थेट पालिकेच्या गुंतवणुकीचा अग्रक्रम ठरवू दिला. चर्चेला पैशाची जोड होती, म्हणून तिथे लोक येत राहिले. २००४ च्या निवडणुकीत सत्ता बदलली आणि त्या प्रक्रियेचा जोर ओसरत गेला. सभा मात्र पुढेही भरत राहिल्या.